उणे अनुदान : १८९६ चे कापड आणि २०२३ चा कांदा

अनुदान आणि आयातकराची पाठ्यपुस्तकी कथा ठरलेली असते. श्रीमंत देश आपल्या शेतकऱ्याला पोसतो, उरलेला माल पडत्या भावाने गरीब देशात ओततो. गरीब देश कराची भिंत बांधून आपला शेतकरी वाचवतो. सिन्नरहून पाहिले की ही भिंत उलटी दिसते. ती माल बाहेर जाऊ नये म्हणून बांधलेली आहे.

१९ ऑगस्ट २०२३ रोजी केंद्राने कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लावले. ऑक्टोबरअखेर टनाला ८०० डॉलर किमान निर्यातमूल्य आले, ८ डिसेंबरपासून थेट बंदी. मे २०२४ मध्ये बंदी उठली, शुल्क राहिले. ते पुरते गेले १ एप्रिल २०२५ रोजी.

हे शुल्क निर्यातदार भरतो, असे कागदावर दिसते. परंतु कोलंबो वा दुबईच्या ग्राहकापुढे पाकिस्तानचा आणि इजिप्तचा कांदाही असतो. तो जादा भाव देत नाही. मग ती रक्कम नांदूर शिंगोट्याच्या लिलावात, ट्रॅक्टरसमोरच्या बोलीतूनच वजा होते. त्यात डिसेंबरचा लाल कांदा. उन्हाळ कांद्यासारखा तो चाळीत महिनोन् महिने थांबत नाही.

शरद जोशी याला उणे सबसिडी म्हणत. १९८० च्या नाशिकमधील आंदोलनात, खेरवाडीला पोलिसांच्या गोळीबारात दोन शेतकरी मारले गेले, तेव्हाही मागणी अनुदानाची नव्हती, उत्पादनखर्चावर आधारित भावाची होती. पुढे डंकेल प्रस्तावाला बहुतेक शेतकरी संघटनांचा विरोध असताना जोशी त्याच्या बाजूने उभे राहिले, ते याच हिशेबाने. त्यांचे सगळे पटलेच पाहिजे असे नाही. हा हिशेब मात्र मला खोडता आलेला नाही.

शहरातल्या मजुराला कांदा परवडलाच पाहिजे. पण त्याची सवलत अर्थसंकल्पात खर्च म्हणून दिसावी. शुल्कातून ती दिली की देणाऱ्याचे नावच कुठे नोंदले जात नाही.

आता १८९६. लँकेशायरच्या समाधानासाठी सरकारने देशी गिरण्यांच्या कापडावर साडेतीन टक्के अबकारी कर बसवला. त्याच्या निषेधार्थ महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्यांनी विदेशी कापडाची होळी केली. अखेर १९२६ मध्ये तो कर रद्द झाला. आपण हे राष्ट्रीय अन्यायाचे प्रकरण म्हणून शिकतो, आणि ते योग्यच आहे. साडेतीन टक्क्यांवर विद्यार्थी रस्त्यावर आले होते. चाळीस टक्क्यांच्या वेळी आपण कांद्याच्या भावावरचे विनोद एकमेकांना पाठवत होतो.