सरासरी नको, उशिरात उशीर किती ते सांगा

ईदची शेरवानी ईदच्या दुसऱ्या दिवशी हाती आली तर शिलाई कितीही सुबक असो, गिऱ्हाईक नाराजच. "सरासरी चार दिवस लागतात" हे उत्तर त्याच्या कामाचे नसते. गर्दीच्या दिवसांत जास्तीत जास्त किती उशीर होईल, एवढेच त्याला हवे असते.

यंत्रे चालविणाऱ्या संगणकालाही हाच हिशेब लागू आहे. तेथे बरोबर पण उशिरा आलेले उत्तर चुकीचेच ठरते.

अमेरिकेचे 'पाथफाइंडर' यान ४ जुलै १९९७ रोजी मंगळावर उतरले. काही दिवसांतच त्याचा संगणक मधूनमधून आपोआप बंद पडून नव्याने सुरू होऊ लागला. यंत्र मोडले नव्हते. हवामान नोंदविणारे कमी निकडीचे काम सामाईक कुलूप धरून बसले होते. मधल्या दर्जाची कामे त्याला पुढे सरकू देईनात, आणि फार निकडीचे काम त्या कुलपासाठी ताटकळत राहिले. मुदत हुकली की संगणक सारे नव्याने सुरू करी.

कोणते काम केव्हा सुरू झाले आणि कोठे अडले, याची नोंद करणारे साधन त्या सॉफ्टवेअरमध्येच होते. कॅलिफोर्नियातील जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीत यानाच्या जुळ्या संगणकावर ते चालवून दोष पकडला गेला. कुलूप धरणाऱ्या कामाला ते सोडेपर्यंत वाट पाहणाऱ्याचा दर्जा द्यायचा, एवढीच दुरुस्ती होती. हा दोष उड्डाणापूर्वीही दिसला होता. पुन्हा घडवून पाहता आला नाही, म्हणून मागे पडला.

अशी नोंद घडलेला उशीर दाखविते. घडू शकणारा सर्वांत मोठा उशीर प्रोग्राम न चालविताच काढणारी साधनेही आहेत. जर्मनीच्या आबसिंट कंपनीचे असे साधन एअरबस ए-३८० विमानासाठी वापरले गेले.

हे सारे विमानवाल्यांचे, आपला काय संबंध, असे काही बंधू म्हणतील. आम्हाला ते पटत नाही. पॉवर प्रेसवर हात पुढे येताच यंत्र थांबविणारा प्रकाशाचा पडदा बसवितात. हात सेकंदाला दीड-दोन मीटर सरकतो असे धरून, यंत्र थांबायला लागणाऱ्या जास्तीत जास्त वेळावर पडद्याचे अंतर ठरते. तो आकडा सरासरीचा निघाला, तर किंमत कारागिराची बोटे मोजतात.

म्हणून संगणकावर चालणारे यंत्र घेताना वेगाच्या जाहिरातीवर सौदा करू नका. पूर्ण भार असताना ते थांबायला जास्तीत जास्त किती वेळ लागतो, आणि तो कसा मोजला, हे विक्रेत्याकडून लेखी घ्या. मगच पैसे मोजा.