वाढते वय आणि परिचारिका

कोणास ताप भरला, हात मोडला किंवा घरात बाळंतपण निघाले, म्हणजे आपणांस नर्सबाईंची आठवण होते. दुखणे गेले की आठवणही जाते. सुई टोचणारी व मलमपट्टी करणारी बाई, एवढीच परिचारिकेची ओळख आपण पुरेशी मानतो. आमच्या मते ही ओळख फार तोकडी आहे. ज्या वयात अंगी सहसा रोग नसतो, नेमक्या त्याच वयात परिचारिकेची गरज मोठी असते. आणि ते वय म्हणजे हायस्कुलातील मुलामुलींचे वय होय.

वाशिमास परिचारिका नवीन नाही. इ. स. १९३८ साली डॉ. ऑर्फा स्पायकर या अमेरिकन मिशनरी डॉक्टरबाईंनी येथे रेनॉल्ड्स मेमोरियल हॉस्पिटल सुरू केले व पुढे तेथे परिचारिकांच्या शिक्षणाचीही सोय झाली. तेव्हा परिचारिका म्हणजे काय, हे या गावास सांगण्याचे कारण नाही. सांगावयाचे ते इतकेच, की तिचे अर्धे काम खाटेपाशी आहे, आणि उरलेले अर्धे मनुष्य खाटेवर येऊच नये म्हणून करावयाचे आहे.

दहाव्या वर्षापासून एकोणिसाव्या वर्षापर्यंतच्या काळास किशोरावस्था म्हणतात. या काळात उंची झपाट्याने वाढते, मुलाचा आवाज फुटतो, मुलीस पाळी येऊ लागते. हे बदल डोळ्यांस दिसतात. मेंदूतील बदल मात्र दिसत नाहीत. आनंद, उत्कंठा व साहस यांकडे ओढणारा मेंदूचा भाग या वयात लवकर जागा होतो. परिणाम तोलून आवर घालणारा, कपाळामागचा भाग मात्र विशीनंतरही काही वर्षे पक्व होत असतो. खोंड अंगाने भरला, पण कासरा धरणारा हात अजून शिकाऊच आहे, अशी ही स्थिती असते. म्हणून या वयातील धाडसास सरसकट दुष्टपणा म्हणणे आम्हांस न्याय्य वाटत नाही.

अमेरिकेतील गार्डनर व स्टाइनबर्ग या दोघा मानसशास्त्रज्ञांनी इ. स. २००५ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. मोटार हाकण्याचा एक खेळ त्यांनी किशोरांकडून, तरुणांकडून व प्रौढांकडून खेळवून घेतला. कधी एकट्याने, कधी सोबत्यांच्या देखत. सोबती पाहत असता किशोरांनी पत्करलेला धोका पुष्कळच वाढला. प्रौढांत तसा फरक पडला नाही. हा प्रयोग दूरदेशचा खरा, परंतु त्याची प्रचीती आपल्याकडे रोज येते. पानठेल्यावरचा पहिला खर्रा कोणी एकटा खात नाही. “एकदा घेऊन तर पाहा,” असे म्हणणारा मित्र शेजारी असतो. एका मोटारसायकलीवर तिघे बसून भरधाव जाणे, पावसाळ्यात भरलेल्या विहिरीत उडी घेणे, ही सारी साहसे कोणी पाहत असले म्हणजेच घडतात. “भ्यालास काय?” हे दोनच शब्द कित्येकांस पुरे होतात.

यावर कायदे नाहीत असे नव्हे. शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखूचे पदार्थ विकण्यास इ. स. २००३ च्या कायद्याने मनाई आहे. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ साली बंदी आली. आणि अल्पवयीन मुलाच्या हाती वाहन देणाऱ्या पालकास पंचवीस हजार रुपये दंड व तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, अशी तरतूद २०१९ साली झाली. हे सर्व योग्यच आहे. पण कायदा ठेल्यापर्यंत पोहोचतो. मुलाच्या मनापर्यंत पोहोचावयास माणूस लागतो.

तो माणूस कोण? वडिलांस सांगावे तर माराची भीती. गुरुजींस सांगावे तर शिक्षेची. मित्रास सांगावे तर त्याचेही ज्ञान आपल्याइतकेच. परिचारिकेस शरीराची माहिती असते. कोणत्याही प्रश्नाने ती दचकत नाही. ती गुण देत नाही व कापीतही नाही. म्हणून ती या कामास विशेष योग्य आहे.

याचा एक जुना दाखला आहे. इ. स. १९०२ मध्ये न्यूयॉर्क शहरात डॉक्टर शाळांतील मुले तपासून खुपऱ्या, नायटा, उवा असलेल्यांस घरी धाडीत. त्या एका सप्टेंबरात अशी १०,५६७ मुले परत पाठविली गेली. घरी उपचार कोणी करीना. मुले रस्त्यावर भटकत. तेव्हा लिना रॉजर्स या परिचारिकेची शाळांसाठी नेमणूक झाली. ती शाळेतच उपचार करी, घरोघर जाऊन आयांस समजावून सांगे. लवकरच तिच्या जोडीस आणखी परिचारिका देण्यात आल्या. पुढल्या सप्टेंबरात हा आकडा १,१०१ वर आला. दोष दाखविणे व दोष दूर करणे यांत केवढे अंतर आहे, हे यावरून ध्यानी येईल.

आपल्या देशातही इ. स. २०१४ पासून राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. आहार, मनाचे आरोग्य, व्यसने, अपघात व हिंसा, प्रजननाचे आरोग्य आणि दीर्घकाळचे आजार असे सहा विषय त्यात आहेत. शाळेतून आठवड्यास मिळणारी लोहाची निळी गोळी सर्वांस ठाऊक आहे. ती नुसती वाटली तर पुष्कळदा बाकाखाली जाते. जेवणानंतर घेतल्यास मळमळ कमी होते व रक्त वाढले म्हणजे अभ्यासात थकवा येत नाही, हे समजावून दिली तर ती पोटात जाते. गोळी तीच, अंतर समजुतीचे आहे. किशोरांसाठी सरकारी दवाखान्यांतून सल्ल्याची सोयही केलेली आहे. परंतु लहान गावात दवाखान्याच्या दारी कोणी पाहिले तर बातमी आपल्या आधी घरी पोहोचते! म्हणून मुलांनी परिचारिकेकडे जाण्याची वाट न पाहता परिचारिकेनेच शाळेत यावे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

यावर पालकांचे दोन आक्षेप येतात. पहिला असा, की अशा गोष्टी सांगितल्याने मुले बिघडतील. याच भीतीने इ. स. २००७ मध्ये महाराष्ट्रात शाळांतील लैंगिक शिक्षण थांबविण्यात आले होते. परंतु मौनाने कुतूहल मरत नाही. ते मोबाईलकडे वळते, आणि तो गुरू वय विचारीत नाही. निरनिराळ्या देशांतील अभ्यास पाहून युनेस्कोने २०१८ साली हेच सांगितले, की अशा शिक्षणाने स्वैर वर्तन वाढत नाही.

दुसरा आक्षेप अधिक नाजूक आहे. “आमच्या मुलाची गोष्ट आमच्यापासून गुप्त का?” हा प्रश्न प्रेमापोटी येतो, म्हणून त्याचा आम्ही आदर करतो. पण गुप्ततेची खात्री नसेल तर मूल तोंडच उघडणार नाही, आणि मग ती गोष्ट परिचारिकेसही कळणार नाही व आई-बापांसही नाही. जेथे जिवास धोका आहे, किंवा कोणी मुलाचा छळ करीत आहे, तेथे मात्र गुप्तता संपते. तेथे बोलणे हे परिचारिकेचे कर्तव्यच आहे. एरवी चांगली परिचारिका मुलास घरापासून तोडीत नाही. घरी कसे सांगावे, हेच ती त्यास शिकविते.

तेव्हा शाळांनी आठवड्यातून एक दिवस व एक स्वतंत्र खोली या कामी द्यावी; आणि ती मुलींप्रमाणे मुलांसाठीही असावी. पालकांनी गाडीची किल्ली व फवारणीचे औषध कुलपात ठेवावे, आणि मूल काही सांगू लागले तर आधी ऐकावे, मग रागवावे. विद्यार्थिमित्रहो, तुम्हांस इतकेच सांगणे, की “भ्यालास काय?” या प्रश्नास “होय, भ्यालो” असे उत्तर देण्यास फार मोठे धैर्य लागते. मन अगदीच खचले तर १४४१६ या क्रमांकावर टेलिमानसची मदत विनामूल्य मिळते. विचारण्यात कमीपणा नाही. न विचारता सोसलेले दुःख मात्र पुष्कळदा सर्व घरास सोसावे लागते.