सिद्धेश्वरचे वीजबिल आणि खरे थकबाकीदार

येलदरीच्या धरणातून सुटलेले पूर्णेचे पाणी आधी जनित्रांची चाके फिरवते आणि मग खाली सिद्धेश्वरच्या जलाशयात येऊन थांबते. तेथून कालव्यांच्या वाटेने ते वसमत, परभणी, नांदेडच्या शिवाराकडे जाते. साठच्या दशकात उभ्या राहिलेल्या या पूर्णा प्रकल्पासाठी जमिनी गेल्या त्या याच खोऱ्यातल्या शेतकऱ्यांच्या, आणि पैसा लागला तो जनतेच्या तिजोरीतला. येलदरीच्या साडेबावीस मेगावॉटच्या वीजगृहाला इंडोनेशियाचा कोळसा लागत नाही, डॉलर लागत नाहीत. आणि तरीही औंढा नागनाथ तालुक्यातील सिद्धेश्वर गावात, धरणाच्या पायथ्याशी, शेतमजुराच्या घरात दरमहा येणारे विजेचे बिल हे आजारपणाइतकेच धास्तीचे कारण होऊन बसले आहे.

ही धास्ती काल्पनिक नाही. १ एप्रिल २०२४ पासून लागू झालेले महावितरणचे दरपत्रक उदाहरणादाखल घ्यावे. पहिल्या १०० युनिटना प्रत्येकी ४ रुपये ७१ पैसे वीज आकार आणि १ रुपया १७ पैसे वहन आकार; १०१ व्या युनिटपासून वीज आकार एकदम १० रुपये २९ पैसे, वहन आकार पूर्ववत. शिवाय १२८ रुपये स्थिर आकार आणि या साऱ्या बेरजेवर राज्य सरकारचे १६ टक्के वीज शुल्क. म्हणजे १०० युनिट जाळणाऱ्या घराचे बिल सुमारे ८३१ रुपये, आणि उन्हाळ्यात पंखा रात्रभर चालल्यामुळे १३० युनिट जाळणाऱ्या घराचे सुमारे १,२२९ रुपये. वापर वाढला तीस टक्क्यांनी, बिल वाढले जवळजवळ अठ्ठेचाळीस टक्क्यांनी. इंधन समायोजन आकार यात धरलेलाच नाही. दारिद्र्यरेषेखालील सवलतीत न बसणारा एखादा मजूर सहा महिने ऊसतोडीला गेला, घराला कुलूप लावून गेला, तरी त्या कुलूपबंद घरावर स्थिर आकाराचे ७६८ रुपये चढतात, त्यावर शुल्क वेगळे. दिवा लागला नाही, बिल मात्र लागले!

या वाढीला जबाबदार कोण, असे विचारले की सरकार आणि वीज कंपन्यांकडून ठरलेली उत्तरे मिळतात. पहिला आरोपी शेतकरी: तो फुकट वीज जाळतो. दुसरा आरोपी मराठवाडा: येथे चोरी फार, थकबाकी फार. तिसरा आरोपी कोळसा: तो महाग झाला, त्याला कोण काय करणार? आणि चौथा आरोपी खुद्द ग्राहक: त्याच्या घरात उपकरणे वाढली. या चारही आरोपांची तपासणी एकदा सरळपणे झाली पाहिजे. कारण शहरातला कामगार आणि खेड्यातला शेतकरी यांना एकमेकांच्या अंगावर घालण्याचे काम हे आरोप फार बेमालूमपणे करीत आले आहेत.

शेतकऱ्यापासून प्रारंभ करावा. राज्यातील अनेक शेतीपंपांना मीटरच नाहीत. त्यांचा वापर अश्वशक्तीच्या हिशेबाने अंदाजाने मांडला जातो. अंदाज जितका फुगवावा तितकी वितरणातील गळती आणि चोरी कागदावर कमी दिसते, कारण हरवलेले युनिट शेतकऱ्याच्या पंपात ‘सापडतात’. महाराष्ट्र वीज ग्राहक संघटनेचे प्रताप होगाडे यांनी हा मुद्दा वर्षानुवर्षे आकडेवारीनिशी मांडला. तो केवळ चळवळीचा कांगावा नव्हता. वीज नियामक आयोगानेच नेमलेल्या अभ्यासगटाच्या पाहणीनंतर मार्च २०२० च्या दरनिश्चिती आदेशात शेतीपंपांचा दाखवलेला वापर कमी धरण्यात आला आणि गळतीचा आकडा वर सरकला. रात्री-अपरात्री येणाऱ्या विजेची वाट पाहत, सापकिरड्यांतून पंपाकडे जाणारा शेतकरी इतकी वर्षे दुसऱ्यांच्या चोरीचे आणि अकार्यक्षमतेचे ओझे आपल्या नावावर वाहत होता, असाच याचा अर्थ नव्हे काय?

२०२४ साली राज्य सरकारने साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या सुमारे ४४ लाख शेतीपंपांसाठी मोफत विजेची योजना जाहीर केली आणि तिच्यासाठी वर्षाला १४,७६० कोटी रुपयांचा भार सांगितला. विधानसभेची निवडणूक तोंडावर होती, हे सांगणे नलगे. परंतु प्रश्न मोफत असण्याचा नाही. शेतीला आधार देणे हे समाजाचे कर्तव्य आहे आणि त्याचा खर्च उत्पन्नावर व संपत्तीवर बसवलेल्या करांतून झाला पाहिजे. तो १३० युनिट जाळणाऱ्या घराच्या बिलात अन्य ग्राहकांची झीज म्हणून शिरतो, तेव्हा गरिबाची मदत दुसऱ्या गरिबाच्या खिशातून होते आणि दानशूरपणाचे श्रेय मात्र मंत्र्यांच्या छायाचित्रांना मिळते.

मराठवाड्यावरील आरोपाचीही हीच गत. चोरी होते आणि थकबाकी आहे, हे कोणी नाकारणार नाही. परंतु २०१२ पर्यंतच्या भारनियमनाच्या वर्षांत वाहिन्यांची प्रतवारी गळती आणि वसुली यांवर ठरवली गेली. ज्या वाहिनीवर थकबाकी अधिक, तेथे अंधार अधिक. परिणामी वेळेवर बिल भरणारी विधवा आणि आकडा टाकणारा गावपुढारी यांना एकच सामुदायिक शिक्षा झाली. गुन्हा शोधण्याची जबाबदारी ज्या यंत्रणेची, तिने शोध न घेता गावालाच आरोपी केले. परळीचे औष्णिक केंद्र याच मराठवाड्यात. २०१३ च्या दुष्काळात पाण्याअभावी ते बंद पडले, तेव्हा मागास विभागात पाणी आणि वीज यांचे नियोजन कसे झाले याची झाडाझडती कोणी घेतली नाही.

उरला कोळसा. कोळसा महाग होतो, हे खरे. पण तो महाग घ्यायला कोणी लावला? मे २०२२ मध्ये केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने राज्यांच्या वीजकेंद्रांना दहा टक्के आयात कोळसा मिसळण्यासाठी तगादा लावला आणि तसे न करणाऱ्यांचा देशी कोळसा कमी करण्याचा इशारा दिला. देशी कोळशाच्या कित्येक पट दराने आलेला हा माल जळला भट्टीत, आणि त्याची राख उतरली बिलातल्या ‘इंधन समायोजन आकार’ या रकान्यात. इंडोनेशियाच्या कोळशाच्या किमती कागदोपत्री फुगवल्याच्या संशयावरून महसूल गुप्तवार्ता संचालनालयाने २०१६ साली अनेक आयातदारांची चौकशी आरंभली होती. ती चौकशी न्यायालयीन वादांत रेंगाळत राहिली. ग्राहकाचे बिल मात्र एकही महिना रेंगाळले नाही.

आता मुळाकडे यावे. १९४३ साली व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात श्रम खाते सांभाळताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी युद्धोत्तर वीज धोरणाच्या समितीपुढे मालकी खासगी असावी की सरकारी, हा प्रश्न ठेवला आणि औद्योगिकीकरणासाठी वीज विपुल व अत्यंत स्वस्त असली पाहिजे, हा आग्रह धरला. १९४८ चा वीजपुरवठा कायदा आणि १९६० साली स्थापन झालेले महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ हे त्याच विचाराच्या कक्षेतले. मंडळाच्या काळात सारे आबादीआबाद होते असे नाही. ढिसाळ कारभार होता, ठेकेदारी होती, राजकीय हस्तक्षेप होता. पण मंडळाने खेड्यापर्यंत तारा नेल्या, कारण नफा हा त्याच्या अस्तित्वाचा हेतू नव्हता.

१९९१ नंतर हेतूच बदलला. १९९२ साली एन्रॉनशी सामंजस्य करार झाला, १९९३ च्या डिसेंबरात वीजखरेदी करार झाला. जागतिक बँकेनेही ज्या प्रकल्पाला आर्थिकदृष्ट्या न परवडणारा ठरवून पैसा नाकारला, तो महाराष्ट्राच्या गळ्यात बांधला गेला. काँग्रेसने करार केला. अरबी समुद्रात बुडवण्याच्या घोषणा देत १९९५ साली सत्तेवर आलेल्या शिवसेना-भाजप सरकारने तो आधी रद्द केला आणि १९९६ साली मोठा करून पुन्हा मान्य केला. मृणाल गोरे यांच्यासह समाजवादी कार्यकर्ते रस्त्यावर उतरले, तुरुंगात गेले आणि त्यांना विकासविरोधी ठरवण्यात आले. १९९९ मध्ये दाभोळची वीज सुरू झाली, २००१ मध्ये ती बंद पडली, त्याच वर्षअखेर एन्रॉनचे दिवाळे वाजले. कंपनी गेली, पण तिचे तत्त्व येथेच मुक्कामाला राहिले: वीज घेवोत वा न घेवोत, भांडवलाचा परतावा ग्राहकाने भरलाच पाहिजे. सिद्धेश्वरच्या कुलूपबंद घरावर आकारला जाणारा स्थिर आकार हा त्याच तत्त्वाचा धाकटा भाऊ आहे.

२००३ च्या वीज कायद्याने स्पर्धेचे आश्वासन दिले; २००५ मध्ये मंडळाचे तुकडे झाले. स्पर्धा आली ती कोणासाठी? २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने परदेशी कोळसा महागल्याची भरपाई नाकारली, पण देशी कोळशाच्या पुरवठ्यात धोरणामुळे आलेल्या तुटीची भरपाई ग्राह्य धरली. या भरपाईच्या वादांतून आलेली देणी पुढे दरांत उतरत गेली. कराराचा धोका उत्पादकाचा नाही, ग्राहकाचा. नफा मात्र ग्राहकाचा नाही, उत्पादकाचा. यालाच स्पर्धा म्हणायचे असेल तर मक्तेदारीला वेगळा शब्द शोधावा लागेल.

या मालिकेतले नवे प्रकरण मीटरचे. ऑगस्ट २०२३ मध्ये राज्यात दोन कोटींहून अधिक स्मार्ट मीटर बसवण्याची कामे चार कंपन्यांना वाटून देण्यात आली. एका मीटरमागे खर्च सुमारे बारा हजार रुपये; केंद्राचे अनुदान फार तर नऊशे. उरलेले पैसे आकाशातून पडणार नाहीत. ते दरनिश्चितीच्या हिशेबात खर्च म्हणून येतील. जनतेचा रोष पाहून जून २०२४ मध्ये, लोकसभेतील पराभवानंतर, सामान्य ग्राहकांना प्रीपेड मीटर बसवणार नाही, असे तत्कालीन उपमुख्यमंत्र्यांनी जाहीर केले. पुढे तेच मीटर पोस्टपेड म्हणून, नवे नाव घेऊन दारांत आले. नाव बदलले, ठेका बदलला नाही.

आणि नियामक आयोग? २८ मार्च २०२५ रोजी आयोगाने दर कमी करण्याचा आदेश दिला. त्याची वाहवा ओसरते न ओसरते तोच, काही दिवसांत, वीज कंपनीच्या विनंतीवरून त्याच आदेशाला स्थगिती मिळाली. जूनमध्ये नवा आदेश आला. ग्राहकाच्या हरकतीला महिनोन्‌महिने वाट पाहावी लागते. कंपनीच्या हरकतीला आठवडाही लागत नाही. २०२० च्या टाळेबंदीत सरासरीने काढलेली भरमसाठ बिले आली, सवलतीचे आश्वासन मिळाले आणि नोव्हेंबरात ते मागे घेतले गेले, हे लोक विसरलेले नाहीत. त्या वेळी सत्तेवर भाजप नव्हता, हेही विसरण्याचे कारण नाही. पक्ष बदलले, वीज शुल्काचे १६ टक्के बदलले नाहीत. दर जितका वाढेल तितका सरकारचा वाटाही वाढतो.

मात्र दोष देताना समाजवादी कार्यकर्त्यांनी स्वतःच्या घरातही डोकावले पाहिजे. ‘वीजबिल माफ करा’ ही घोषणा सोपी आहे, टाळ्या मिळवणारी आहे. पण माफी ही राजाने द्यायची आणि रयतेने घ्यायची गोष्ट आहे. ती मागणारा स्वतःला थकबाकीदार कबूल करतो. वास्तविक थकबाकीदार कोण? फुगवलेल्या वापराचा हिशेब थकवणारी वितरण व्यवस्था, अनुदानाचा संपूर्ण भार करांतून न उचलणारे सरकार, आणि तोटा जनतेच्या माथी मारून नफा खिशात घालणारे करारदार. जनतेचे येणे त्यांच्याकडे आहे. म्हणून मागणी माफीची नव्हे, हिशेबाची हवी.

हा हिशेब मागण्याचे काम मुंबईच्या परिषदांत होणार नाही. हिंगोली, वसमत, कळमनुरी, सेनगाव आणि औंढा या पाचही तालुक्यांत कार्यकर्त्यांनी घरोघरची बिले गोळा करावीत आणि चावडीवर बसून त्यांतला एकेक रकाना लोकांना वाचून दाखवावा. प्रत्येक वाहिनीवर किती वीज आली आणि किती विकली गेली, याचा आकडा उपविभागीय कार्यालयाकडे लेखी मागावा. शंभराव्या युनिटनंतरची दुपटीची उडी रद्द करा. लहान ग्राहकाच्या बिलावरील वीज शुल्क काढून टाका. बंद घरांचा स्थिर आकार थांबवा. खासगी वीजखरेदी करार आणि मीटरचे ठेके जनतेपुढे उघडे करा. आयोगाची प्रत्यक्ष सुनावणी मराठीतून आणि जिल्ह्याच्या ठिकाणी घ्या, या मागण्यांचे ठराव ग्रामसभांतून झाले पाहिजेत. शहरातील यंत्रमाग कामगार आणि येथील शेतमजूर यांची बिले शेजारी शेजारी ठेवली, तर दोघांचा लुटारू एकच आहे हे सांगायला व्याख्यात्याची गरज उरणार नाही.

सिद्धेश्वरचे पाणी सार्वजनिक, येलदरीची जनित्रे सार्वजनिक, तारा आणि खांब सार्वजनिक पैशातून उभे राहिलेले. खासगी आहे तो केवळ नफा. तो कोणाच्या परवानगीने खासगी झाला, हा प्रश्न पूर्णेच्या काठावरून विचारला गेला पाहिजे आणि उत्तर मिळेपर्यंत विचारत राहिला पाहिजे.