‘ग्रीस २’ : अनुकरण की उत्तर?

‘ग्रीस’ (१९७८) या अमेरिकी संगीतपटामागे शिकागोत १९७१ साली रंगभूमीवर आलेले नाटक होते. त्याची बरीचशी गीते प्रेक्षकांसमोर कसाला लागली होती. ‘ग्रीस २’ला (१९८२) तसा आधार नव्हता. मूळ चित्रपटाच्या नृत्यरचनाकार पॅट्रिशिया बर्च यांनी तो दिग्दर्शित केला आणि बहुतेक समीक्षकांनी निकृष्ट अनुकरण म्हणून त्याची बोळवण केली. गीतांपुरते ते मान्य करावे लागेल. कथानकाविषयी मात्र नाही. पहिल्या चित्रपटात सँडी नायकासाठी वेश व वृत्ती पालटते (डॅनीही खेळाडूचा स्वेटर चढवतो, पण क्षणभरच). येथे मायकेल पालटतो, मोटारसायकल शिकतो. पूर्वकृतीने गृहीत धरलेला स्त्री-पुरुषसंबंध असा उलटा मांडला जातो. स्टेफनीला स्वतःचा वेश बदलावा लागत नाही.