आदेशाला कायदा, सुरक्षेला नुसतं परिपत्रक

"कोरोनात मास्तर लोकांची मजा होती, घरात बसून पगार." हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलंय. कट्ट्यावर, बसमध्ये, लग्नाच्या पंगतीत. सहा वर्षं होत आली तरी ते मरत नाही. आणि ते मरत नाही म्हणूनच त्या काळात शाळेत काम करणाऱ्यांचं नेमकं काय झालं, हे नीट बोललं गेलेलं नाही.

मी २०२० ची एसएसएलसीची बॅच. आता राज्यशास्त्रात एमए करतेय. वर्गात कायदे वाचताना मला पुन्हा पुन्हा एकच गोष्ट खटकते. शिक्षकाला कामाला जुंपायचा अधिकार सरकारकडे कायद्याने आहे. पण त्या कामात त्याचा जीव सांभाळायची जबाबदारी मात्र कुठल्या तरी परिपत्रकात, तीही कुणाला जमलं तर. आजचा मुद्दा एवढाच.

आधी आपल्या भागात काय घडलं ते बघू.

२०२० च्या मे महिन्यात मुंबई-पुण्याहून आपली माणसं गावी परतायला लागली. महाराष्ट्रातून आलेल्यांना सरकारी क्वारंटाइन सक्तीचं होतं आणि त्यासाठी कितीतरी गावांत जागा एकच होती, शाळा. ज्या खोल्यांत पोरं बसायची तिथे सतरंज्या पडल्या. मग २५ जूनपासून आमची परीक्षा झाली. राज्यभरात आठ लाखांहून जास्त मुलं. थर्मल गन, सॅनिटायझर, मास्क, ताप असलेल्यांना वेगळी खोली. परीक्षा घेणारे, दारात उभं राहून आमच्या कपाळावर यंत्र धरणारे, बाक पुसणारे कोण होते? शाळेचीच माणसं.

ऑगस्टमध्ये विद्यागम आलं. कल्पना वाईट नव्हती, हे आधीच सांगते. शाळा बंद, पण मुलांचं शिक्षण तुटू नये. म्हणून ज्यांच्याकडे स्मार्टफोन आहे, ज्यांच्याकडे साधा फोन आहे आणि ज्यांच्याकडे काहीच नाही, असे गट करायचे आणि शिक्षकाने वीस-पंचवीस मुलांना देवळात, समाजमंदिरात, झाडाखाली जाऊन शिकवायचं. खानापूरच्या जंगलपट्टीत जिथे फोनची रेंज मिळवायला टेकडी चढावी लागते, तिथे दुसरा मार्ग तरी काय होता? शिवाय टीव्हीवरचे धडे चंदना वाहिनीवर. ती कन्नड वाहिनी. मराठी माध्यमातल्या चौथीच्या पोराला त्याचा काय उपयोग? म्हणजे आपल्या मुलांसाठी शिक्षक प्रत्यक्ष जाणं जास्तच गरजेचं होतं.

माझी आत्या सरकारी मराठी शाळेत शिकवते. तालुका सांगत नाही. ती रोज दोन वाड्यांवर जायची. अंतर ठेवा, मास्क घाला, हात धुवा, असं कागदावर होतं. पण देवळाच्या ओसरीवर नळ कुठला? साबण तिने स्वतःच्या पैशाने नेला, मास्कही तिनेच शिवून घेतले, मुलांनाही दिले. घरी आजी, ऐंशीच्या पुढची, दम्याची. आत्या चार महिने मागच्या दाराने घरात यायची, न्हाणीघरात आंघोळ करून मगच आत. तिने एकदा वरच्यांना विचारलं, "घरात म्हातारं माणूस आहे, मला फोनवरचा गट द्याल का?" उत्तर आलं, "सगळ्यांच्याच घरात म्हातारी आहेत, बाई." आत्याचं म्हणणं आजही तेवढंच आहे, "शिकवायला कोण नाही म्हणतंय? पण विचारा तरी की. माणूस म्हणून विचारा."

ऑक्टोबरपर्यंत शिक्षक आणि मुलं आजारी पडल्याच्या, शिक्षक दगावल्याच्या बातम्या राज्यभरातून यायला लागल्या. ओरड झाली तेव्हा सरकारने विद्यागम थांबवलं आणि १२ ते ३० ऑक्टोबर दसऱ्याची सुट्टी जाहीर केली. म्हणजे धोका आहे हे कळायला आधी माणसं आजारी पडावी लागली.

पुढचं ऐका. २३ सप्टेंबर २०२० ला बेळगावचे खासदार आणि केंद्रीय राज्यमंत्री सुरेश अंगडी यांचं कोरोनाने निधन झालं. त्या जागेची पोटनिवडणूक १७ एप्रिल २०२१ ला झाली. दुसरी लाट तेव्हा उसळत होती. म्हणजे ज्या रोगाने जागा रिकामी झाली, त्याच रोगाच्या लाटेत ती भरायची निवडणूक, आणि मतदान केंद्रावर पुन्हा शाळेचीच माणसं. त्याआधी डिसेंबरमध्ये ग्रामपंचायतीच्या निवडणुकाही झाल्या होत्या. निवडणूक टाळावी की घ्यावी, यावर वाद होऊ शकतो. पण शिक्षकाला त्यात मत होतं का? नाही. नाव यादीत आलं की जायचं.

आता कायदा बघू, कारण इथेच खरी गोम आहे.

शिक्षण हक्क कायदा २००९, कलम २७. शिक्षकाला अशैक्षणिक काम देऊ नये, असं हे कलम सांगतं. वाचून बरं वाटतं. पण त्यात तीन अपवाद आहेत: दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका. महामारी म्हणजे आपत्ती, त्यामुळे दार उघडंच. आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५, कलम ५१. त्या कायद्याखालचा आदेश वाजवी कारणाशिवाय नाकारला तर एक वर्षापर्यंत कैद, आणि त्या नकारामुळे जीवितहानी झाली तर दोन वर्षांपर्यंत. म्हणजे नकाराची किंमत महिन्या-वर्षांत मोजून लिहिलेली आहे.

आणि समोरच्या बाजूला? आदेश देणाऱ्याने मास्क दिला नाही, दम्याच्या किंवा गरोदर बाईला गर्दीत पाठवलं, तर काय, हे शिक्षण हक्क कायद्याच्या त्या कलमात एका ओळीनेही नाही.

मग कामगार कायदे तरी? १९८८ साली सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातल्या एका शिक्षिकेच्या, सुंदरांबळ यांच्या, खटल्यात निकाल दिला की औद्योगिक विवाद कायद्याच्या अर्थाने शिक्षक हा 'कामगार' नाही. शिकवणं हे उदात्त कार्य, ते कारखान्यातल्या कामासारखं मोजता येत नाही, असा त्यामागचा विचार. मान मोठा दिला, पण कारखान्यातल्या माणसाला दाद मागायची जी वाट आहे ती शिक्षकाला बंद झाली. २०२० च्या सप्टेंबरमध्ये, भर महामारीत, संसदेने कामाच्या जागेवरच्या सुरक्षेची नवी संहिता मंजूर केली. तिच्यातूनही राज्य सरकारची कार्यालयं वगळलेली आहेत. थोडक्यात, शिक्षक म्हणजे गुरू, राष्ट्राचा शिल्पकार, कोरोना योद्धा. सगळं काही, फक्त कामाच्या जागी सुरक्षित राहण्याचा हक्क असलेला माणूस सोडून.

कायद्यात व्याख्या नसली की काय होतं, याचं सगळ्यात भयंकर उदाहरण आपल्यापासून लांब, उत्तर प्रदेशात घडलं. एप्रिल २०२१ मध्ये तिथे पंचायत निवडणुका झाल्या. शिक्षक संघटनेने १,६२१ शिक्षक आणि कर्मचारी दगावल्याची यादी दिली. सरकार आधी म्हणालं, फक्त तीन. एवढा फरक कसा? कारण नियमाप्रमाणे घरून ड्युटीला निघाल्यापासून घरी परत येईपर्यंत मृत्यू झाला तरच तो 'निवडणूक ड्युटीवरचा मृत्यू'. कोरोना असा बूथवर मारतो का? तो आठ-दहा दिवसांनी दवाखान्यात मारतो. संतापाची लाट उठल्यावर नियम बदलला, ड्युटीनंतर तीस दिवसांतला मृत्यू धरायचं ठरलं. आणि मग दोन हजारांहून जास्त कर्मचाऱ्यांची कुटुंबं मदतीला पात्र ठरली. माणसं तीच, मृत्यू तेच. फक्त कागदावरची व्याख्या बदलली.

करायचं ठरवलं तर करता येतं, हेही त्याच काळाने दाखवलं. महाराष्ट्र सरकारने २०२० च्या मे महिन्यातच कोरोनाच्या कामावर असताना दगावलेल्या कर्मचाऱ्यांच्या कुटुंबाला ५० लाख रुपये देण्याचा निर्णय घेतला. २०२१ च्या विधानसभा निवडणुकांआधी निवडणुकीच्या कामावरच्या लोकांना आघाडीचे कर्मचारी मानून लस देण्याचं आयोगाने जाहीर केलं. मात्र शिक्षकांचं लसीकरण ५ सप्टेंबरच्या शिक्षक दिनाआधी उरका, असं केंद्राने राज्यांना सांगितलं ते थेट २०२१ च्या ऑगस्टमध्ये. मतपेटीजवळ बसणारा शिक्षक आघाडीवर, आणि पोरांजवळ बसणारा तोच शिक्षक रांगेत मागे!

"पण पगार तर चालू होता ना?" हा प्रश्न मी टाळत नाही. होय, कायम नोकरीतल्यांचा पगार चालू होता. शेतमजुराचा, रिक्षावाल्याचा, हॉटेलातल्या पोराचा बंद होता, आणि त्यांच्या मनातला राग खोटा नाही. पण पगार हा कामाचा मोबदला आहे, जिवाचा नाही. शिवाय शाळा म्हणजे फक्त कायम शिक्षक नव्हे. अतिथी शिक्षकाची नेमणूक वर्ग भरले तरच, त्यामुळे शाळा बंद म्हणजे घरात चूल बंद. विनाअनुदानित खाजगी शाळांतल्या शिक्षकांना जून २०२१ मध्ये राज्य सरकारने मदत जाहीर केली ती एकदाच, पाच हजार रुपये. आणि अक्षर दासोहचं जेवण शिजवणाऱ्या आपल्या गावातल्या बायका? त्यांचं मानधन तेव्हा महिन्याला २,६०० ते २,७०० रुपये. पगार घेऊन घरात बसणाऱ्यांच्या यादीत यांना कुठे बसवायचं?

यात आपला, म्हणजे सीमाभागाचा, एक वेगळा ताप आहे. निपाणीत राहून कागलकडे नोकरीला जाणारे आणि तिकडून इकडे येणारे किती तरी लोक आहेत. २०२१ च्या फेब्रुवारीत महाराष्ट्रातून येणाऱ्यांना आरटीपीसीआर निगेटिव्ह अहवाल सक्तीचा झाला आणि कोगनोळी नाक्यावर गाड्या अडायला लागल्या. रोज ये-जा करणाऱ्याने अहवाल कितीदा काढायचा, खर्च कुणी करायचा? दोन सरकारांचे दोन नियम आणि मधे माणूस.

दुसरं म्हणजे भाषा. सुरक्षेच्या सूचना कन्नडमध्ये यायच्या. शिक्षकांना कन्नड येतं, पण जेवण शिजवणाऱ्या बाईला, एसडीएमसीच्या सदस्याला, मुलाच्या आईला? भाषिक अल्पसंख्याकांची संख्या जिथे १५ टक्के किंवा जास्त आहे तिथे महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेतही द्याव्यात, हे धोरण जुनं आहे. ते आपण पाट्यांसाठी मागतो, सातबाऱ्यासाठी मागतो. पण हात कसे धुवायचे, ताप आला तर कुठे जायचं, हे स्वतःच्या भाषेत कळणं ही तर जगण्या-मरण्याची गोष्ट आहे.

हे सगळं आता का काढायचं? कारण शिक्षकांना जुंपणं थांबलेलं नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून कर्नाटकातलं सामाजिक-शैक्षणिक सर्वेक्षण झालं. शिक्षक दसऱ्याच्या सुट्टीत घरोघर फिरले, काम उरकेना म्हणून शाळांची सुट्टी १८ ऑक्टोबरपर्यंत वाढवली गेली. २०२७ ची जनगणना तर आलीच आहे. आणि पुढची साथ तारीख सांगून येत नाही.

म्हणून मागायचं ते आत्ताच, शांततेच्या दिवसांत मागायला हवं. माझ्या मते पाच गोष्टी. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ खाली काम द्यायचं असेल तर लेखी आदेश, त्यात काम, जागा आणि मुदत स्पष्ट. सुरक्षेचं साहित्य कामाच्या आधी आणि सरकारच्या पैशाने. गरोदर, आजारी, घरात गंभीर रुग्ण असलेल्यांना सूट मागायचा हक्क आणि त्या अर्जाला लेखी उत्तर. विमा सगळ्यांना, कायम, अतिथी, स्वयंपाक करणाऱ्या, शिपाई, आणि साथीत ड्युटीनंतर ठरावीक दिवसांत मृत्यू झाला तर तो ड्युटीवरचाच धरायचा, कुटुंबाने कागद गोळा करत फिरायचं नाही. आणि हे सगळं मराठीतही.

यातलं काही सवलत म्हणून मागायचं नाही. शिक्षक नको म्हणाला तर कैद, हे लिहिता येतं, तर शिक्षकाला सांभाळलं नाही तर काय, हेही लिहिता येईल.

तुमच्यापैकी अनेकांच्या घरात शिक्षक असतील, किंवा शाळेत जेवण शिजवणारी काकू, मावशी असेल. त्यांना विचारा, २०२० आणि २०२१ मध्ये कुठे कुठे ड्युटी लागली, लेखी आदेश होता का, हातात काय दिलं गेलं. तारखेसकट लिहून ठेवा. गावातल्या एसडीएमसीच्या पुढच्या बैठकीत जाऊन एवढंच विचारा, उद्या पुन्हा साथ आली तर आपल्या शाळेतल्या माणसांसाठी काय तयारी आहे? उत्तर बहुधा मिळणार नाही. पण प्रश्न इतिवृत्तात नोंदवून घ्या. तो नोंदवला नाही, तर पुढच्या वेळीही लोक म्हणतील, मास्तर लोकांची मजा होती.