एक चहा आणि सहा तासांची जागा

विषय तसा किरकोळ आहे. हॉटेलच्या आवारात गाडी लावायची, एक चहा मारायचा (कधीकधी तोही नाही) आणि दिवसभर गड, लेणी, धबधबे करत हिंडायचं. हे बरोबर की चूक? मित्रमंडळीत हा प्रश्न काढला की लगेच दोन तट पडतात. एक म्हणतो, "त्यात काय एवढं, जागा रिकामीच होती ना?" दुसरा म्हणतो, "अरे पण विचारायचंस तरी." मग कुणीतरी कुठली मिसळ जास्त झणझणीत यावर गाडी नेतो आणि मूळ मुद्दा राहतो बाजूला. माझं मत पहिल्या तटाच्या विरोधात आहे, आणि ते का आहे हे आज जरा सविस्तर लिहितो.

जुन्नर तालुक्यात शिवनेरी, लेण्याद्री, ओझर, नाणेघाट आणि हरिश्चंद्रगडाची खिरेश्वरकडची वाट हे सगळं पुण्याहून एका दिवसाच्या टप्प्यात आहे. माळशेजचा माथाही जुन्नरच्याच हद्दीत. २०१८ साली सरकारने जुन्नरला विशेष पर्यटन तालुका म्हणून जाहीर केलं. शेजारच्या आंबेगावातून घोडेगाव, डिंभे असं करत भीमाशंकरचा रस्ता जातो. आता यातलं एकही ठिकाण मोटारगाड्या डोळ्यासमोर ठेवून झालेलं नाही. शिवनेरीला सात दरवाजे आहेत, पण ते माणसं अडवायला बांधले होते, गाड्यांची सोय करायला नाही. त्यामुळे पावसाळ्यातल्या रविवारी पायथ्याची जागा भरली की लोकांची नजर जाते ती हॉटेलं, लॉज, रिसॉर्ट आणि गावकऱ्यांची अंगणं यांच्याकडे.

हा आपल्याकडचाच रोग आहे असं मात्र नाही. अमेरिकेत फ्लोरिडातल्या डिस्ने वर्ल्डला मुख्य पार्कात गाडी लावायचे तीसएक डॉलर पडतात. तिथलं एक रिसॉर्ट पार्कच्या दारापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. मग काही शहाणे "आम्ही इथे जेवायला आलोय" असं सांगून रिसॉर्टात गाडी लावायचे आणि चालत पार्कात पसार. म्हणून फाटकावरचा रखवालदार विचारतो, जेवणाचं बुकिंग दाखवा. गंमत म्हणजे २०१८ मध्ये डिस्नेने मुक्कामी पाहुण्यांकडूनही रात्रीच्या पार्किंगचे पैसे घ्यायला सुरुवात केली आणि २०२३ च्या जानेवारीत ते बंद केलं. मुक्कामाला आलेल्या माणसाकडून वेगळे पैसे घेणं लोकांना रुचलं नव्हतं. पण बाहेरच्यांसाठी फाटक तसंच राहिलं. मला हा फरक योग्य वाटतो. जो खोली घेतो त्याच्या भाड्यात गाडीची जागा धरलेली असते. जो चहा घेतो त्याच्या चहात ती किती धरायची, हा खरा प्रश्न आहे.

तर ते मोजून बघू. (इंजिनियर माणूस, सवय जात नाही.) रांगांच्या गणितात एक सोपा नियम आहे, लिटलचा नियम. जॉन लिटल यांनी तो १९६१ साली सिद्ध केला. आम्ही सर्व्हरवर किती लोड झेपेल हे त्यावरून काढतो. आत एकावेळी किती जण असतात, तर तासाला किती येतात गुणिले प्रत्येक जण किती वेळ थांबतो. बस्स. आता एक हॉटेल धरा, आवारात १५ गाड्या मावतात. गिऱ्हाईक पाऊण तास बसतं. म्हणजे गर्दीच्या वेळी तासाला २० गाड्यांची माणसं जेवून जाऊ शकतात. त्यात पाच जण "आलोच" म्हणून पाच तास गाडी लावून गेले. उरल्या १० जागा. आता तासाला तेरा गाड्या. पाच तासांत सुमारे ३३ गाड्या फाटकाशी येऊन, जागा नाही बघून पुढे निघून गेल्या. गाडीत चार माणसं धरली तर सव्वाशेच्या वर ताटं. आकडे मी सोयीचे घेतलेत, पण तुमच्या माहितीतल्या हॉटेलचे घालून बघा, उत्तराची जात बदलत नाही. पाचातल्या प्रत्येक गाडीने साडेसहा गाड्यांचं गिऱ्हाईक घालवलं आणि बदल्यात दिला एक कटिंग.

याच गणितातून दुसरीही गोष्ट निघते, आणि ती पहिल्या तटाच्या बाजूची आहे. नियम लागतो तो आवार भरलेलं असताना. सकाळी सहाला गाडी लावून शिवनेरी बघून नऊच्या आत परत आलात तर मालकाचं फारसं काही जात नाही. उलट परत आल्यावर भुकेने तुम्ही चार प्लेटा जास्त मागवता. तीच गाडी अकराला लावून तीनला काढली तर त्याची जेवणाची अख्खी वेळ तुम्ही खाल्लीत. म्हणून "जागा रिकामी होती" या वाक्याला काही अर्थ नाही. तुम्ही लावली तेव्हा ती रिकामी होती, पण तुम्ही नसताना ती कुणाला लागणार होती?

मागच्या पावसाळ्यात माळशेजच्या अलीकडे एका हॉटेलात मी पिठलं-भाकरीची वाट बघत बसलो होतो. बाहेर रस्त्यावर गाड्या हळू व्हायच्या, आत डोकवायच्या आणि पुढे जायच्या. आवार गच्च, आणि आत टेबलं अर्धी रिकामी! मालकाला विचारलं, तर म्हणाला, "यातल्या निम्म्या गाड्यांचं कोणी हितं नाय. गेलेत धबधब्याव."

"मग सांगत का नाही त्यांना?"

"काय सांगणार सायेब? पोरगं बोलाय गेलं तर म्हणत्यात, आम्ही येताना जेवणारच हाये. येताना अंधार पडल्याला आसतो, पोरं झोपल्याली आसत्यात. निघून जात्यात. बोललं तर मोबाईलवर एक ष्टार टाकत्यात."

ही शेवटची गोष्ट मला सगळ्यात जास्त लागली. एक स्टार! म्हणजे हा माणूस आपल्या स्वतःच्या आवारात, आपल्या धंद्याच्या वेळेला, गप्प बसतो. कारण त्याची जागा फुकट वापरणाऱ्याच्या हातात त्याची अब्रूही आहे. पावसाळ्याचे मोजके शनिवार-रविवार हाच त्यांचा हंगाम असतो. एरवी आठवडाभर तिथे एसटीची आणि ट्रकवाल्यांची गिऱ्हाईकी.

मालकांचीही बाजू सगळी धुतल्या तांदळासारखी नाही, हेही लिहायला हवं. बरेच जण आपल्या आवाराच्या पुढे, थेट महामार्गाच्या कडेला दगड आणि साखळी लावून "फक्त ग्राहकांसाठी" अशी पाटी ठोकतात. ती जागा त्यांची नसते. राष्ट्रीय महामार्गाच्या जमिनीसाठी २००२ चा स्वतंत्र कायदा आहे, आणि तिथे परवानगीशिवाय असं काही अडवता येत नाही. अशा साखळीबद्दल मला काडीची सहानुभूती नाही. पण म्हणून तिथे गाडी लावावी असंही नाही. मोटार वाहन कायद्याचं १२२ वं कलम सांगतं की दुसऱ्यांना धोका किंवा अडथळा होईल अशी गाडी सार्वजनिक जागी सोडायची नाही. घाटाच्या तोंडाशी, धुक्यात, अर्धी डांबरावर लावलेली गाडी म्हणजे नेमकं हेच. मागून १०८ ची रुग्णवाहिका आली तर ती कुठून जाणार?

किल्लीचाही एक घोळ असतो. "किल्ली देऊन जा, लागली तर हलवू" असं काही ठिकाणी सांगतात. वरवर ही फार सोयीची गोष्ट. पण २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने एक निकाल दिला. दिल्लीच्या ताज महाल हॉटेलात १९९८ साली एका पाहुण्याने आपली मारुती झेन हॉटेलच्या माणसाच्या ताब्यात दिली आणि ती चोरीला गेली. न्यायालयाने म्हटलं की गाडी हॉटेलच्या माणसाच्या स्वाधीन केली की ती सांभाळायची जबाबदारी हॉटेलवर येते, आणि "गाडी मालकाच्या जोखमीवर" एवढं छापून हॉटेलला आपल्या हलगर्जीपणातून सुटता येत नाही. आता विचार करा. पंचतारांकित हॉटेलला वकील असतात. नारायणगावच्या पुढच्या ढाबेवाल्याने दुसऱ्याच्या सोयीसाठी किल्ली घेतली आणि गाडीला पोचारा पडला, तर भांडण त्याच्या दारात. म्हणून मी किल्ली देत नाही, घ्यायचा आग्रहही करत नाही. काचेमागे मोठ्या अक्षरात मोबाईल नंबर आणि परत यायची वेळ लिहून ठेवतो. (जिथे रेंज नाही तिथे नंबराचा उपयोग शून्य, तिथे वेळच कामाची.)

हॉटेल सोडून गावात शिरलो की मामला आणखी नाजूक होतो. खिरेश्वरला हरिश्चंद्रगडाचे ट्रेकर दोन-दोन दिवस गाड्या ठेवतात, कुणाच्या तरी अंगणात. अंगण म्हणजे आपल्याला मोकळी जागा वाटते. पश्चिमेकडच्या आदिवासी गावांत उन्हाळ्यात तिथे बाळहिरडा वाळत घातलेला असतो, आणि तो विकून घरात रोख पैसा येतो. दिवाळीच्या सुमाराला भात झोडायला हीच जागा लागते. आणि जूनच्या सुरुवातीला शहरी माणूस जी काळपट, सपाट, "पडीक" जमीन बघून खूश होतो आणि गाडी घालतो, ती बहुतेक वेळा राब भाजलेली असते. पालापाचोळा, गवत, शेणी पसरून जाळायचं आणि पावसाच्या तोंडावर तिथेच भाताचं बी टाकायचं. तिच्यावरून दीड टनाची गाडी गेली की माती दबते आणि रोप नीट येत नाही. रोप कमी म्हणजे लावणी कमी. हे सगळं त्या घरातली मावशी तुम्हाला सांगत नाही. ती म्हणते, "लावा की बाबा."

या "लावा की बाबा"चा आपण फार गैरफायदा घेतो. तो होकार नसतो, तो पाहुणचार असतो. नंतर तिच्याकडे जेवण सांगितलं, ठरल्या वेळेला आलो आणि न विचारता जागेचे पैसे हातावर ठेवले तर हिशोब बरोबर. पैसे नको म्हणाली तर दोनदा म्हणू द्यावं, तिसऱ्यांदा ती घेते.

भीमाशंकरची व्यवस्था मला त्या मानाने पटते. श्रावणात आणि महाशिवरात्रीला खासगी गाड्या अलीकडे निगडाळ्याच्या आसपास थांबवतात आणि तिथून वर एसटीने न्यायचं. लोक कुरकुरतात. अभयारण्यातून जाणारा एकच रस्ता, त्यावर हजारो गाड्या, दुसरा उपाय काय आहे? पण तिथेही काही जण बसचा फेरा नको म्हणून रस्त्यालगतच्या एखाद्या लॉजच्या आवारात घुसतात आणि "खोली बघायला आलोय" असं सांगतात. देवदर्शनाची सुरुवात थापेने. असो.

माझ्या मते हॉटेलवाल्यांनी डोळे वटारणं आणि मनात शिव्या घालणं सोडून सरळ दरपत्रक लावावं. पार्किंग तासाला इतके, जेवलात तर बिलातून वजा. भीड संपली, एक स्टारची भीतीही कमी झाली. गावांनी हे आधीच सुरू केलंय. वनखात्याच्या जागांवर संयुक्त वन व्यवस्थापन समित्या काही ठिकाणी पर्यटकांकडून पावती फाडतात, आणि त्या पावतीला सरकारी नाव आहे "उपद्रव शुल्क". काय नेमका शब्द आहे! :-) आणि या भागाला ते नवीनही नाही. नाणेघाटाच्या माथ्यावर एक भलामोठा दगडी रांजण आहे, सातवाहनांच्या काळात घाट चढून आलेले व्यापारी त्यात जकात टाकायचे असं सांगतात. दोन हजार वर्षांपूर्वी बैल घेऊन आलेला माणूस वाटेचे पैसे मोजत होता असं आपण पोराबाळांना कौतुकाने दाखवतो आणि खाली येऊन पन्नास रुपयांच्या पावतीवरून हुज्जत घालतो.

पुण्याहून खिरेश्वरला जाऊन यायला दीडेक हजाराचं डिझेल लागतं. पुढच्या महिन्यात जायचं ठरतंय. खर्चाची यादी मी ग्रुपवर टाकली, त्यात "अंगण, दोन दिवस, ३०० रुपये" अशी ओळ आहे. दोघांनी अंगठा दाखवलाय, एकाने विचारलंय की हे जरा जास्त होत नाही का. त्याला वरचं गणित पाठवलंय.