हर्बल डब्याआधी तलावाचा बांध पाहा

पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंत खाडीकाठी कोळंबी करणाऱ्या बंधू-भगिनींनो,

हंगाम सुरू झाला की बीजाच्या गाडीमागोमाग खाद्यात मिसळायच्या पावडरी आणि अर्क विकणारेही बांधावर येतात. लसूण, हळद, तुळस, कडुनिंब, पेरूचा पाला. डब्यावर हिरवी पानं आणि खाली ‘व्हाईट स्पॉटवर खात्रीशीर इलाज’ अशी ओळ. पैसे मोजण्याआधी एवढं वाचा.

व्हाईट स्पॉट हा विषाणूचा रोग आहे. नव्वदच्या दशकात तो आशियाभर पसरला आणि आपल्याकडच्या टायगर कोळंबीचं कंबरडं त्याने मोडलं. २००९ मध्ये व्हनामेई या दुसऱ्या जातीच्या कोळंबीला परवानगी मिळाली, रोगमुक्त मादी-नरांपासून बीज येऊ लागलं. पण तलावात विषाणू शिरला तर तीही वाचत नाही. लागण झाली की तीन ते दहा दिवसांत अख्खा तलाव जाऊ शकतो. अँटिबायोटिक जिवाणूंवर चालतं, विषाणूवर नाही. क्लोरॅम्फेनिकॉल, नायट्रोफ्युरानसारखी औषधं तर बंदी घातलेली. त्यांचा अंश सापडला की परदेशातून माल परत येतो. आणि कोळंबीच्या शरीरात आपल्यासारखी प्रतिपिंडं तयार होत नाहीत, म्हणून मुलांना टोचतो तशी लसही तिला लागू पडत नाही.

म्हणूनच शास्त्रज्ञ वनस्पतींकडे वळले, आणि त्यात तथ्य आहे. तमिळनाडूतल्या संशोधकांनी वीस भारतीय औषधी वनस्पती या विषाणूवर तपासल्या. त्यांत उजवी ठरली आपली हरळी, म्हणजे गणपतीला वाहतो ती दूर्वा. तिचा अर्क खाद्यात एक-दोन टक्के मिसळून दिलेली टायगर कोळंबी प्रयोगात विषाणूपुढे टिकली. पण हे टाकीतलं यश आहे. तिथे अर्क मोजून काढलेला, पाणी आवाक्यातलं. उघड्या तलावात खाडीचं पाणी, खेकडे, पक्षी, गढूळ तळ हे सगळं एकदम अंगावर येतं. शिवाय अर्क तो देणार लागण होण्याआधी. मर सुरू झाल्यावर त्याची आशा धरू नका; तेव्हा कोळंबी खाद्यालाच तोंड लावत नाही.

तेव्हा खर्चाचा क्रम असा ठेवा. आधी बीज: पीसीआर तपासणीचा अहवाल पाहिल्याशिवाय उचलू नका. मग पाणी: खाडीचं पाणी थेट तलावात न घेता साठवण तलावात घ्या, जाळीतून गाळा, ब्लीचिंगने निर्जंतुक करा आणि क्लोरीन उतरल्यावरच वापरा. बांधाभोवती खेकडे अडवणारं कुंपण, वर पक्ष्यांसाठी जाळी. पीक निघालं की तलाव भेगा पडेपर्यंत सुकवा. एका तलावाची जाळी, बादली दुसऱ्यात नेऊ नका. एवढं झाल्यावर पैसे उरले तर हर्बलचा विचार करा.

घ्यायचं ठरलं, तर विक्रेत्याला विचारा: यात नेमकं काय आहे, किती आहे, बॅच नंबर आणि मुदत कुठे आहे, कोस्टल अ‍ॅक्वाकल्चर अथॉरिटीकडे याची अँटिबायोटिकमुक्त म्हणून नोंद आहे का? उत्तर चाचरत आलं तर डबा परत द्या. घरचा पाला वाटून अंदाजाने कालवू नका. चव बिघडली की खाद्य चेक ट्रेमध्ये तसंच राहतं, तळाशी कुजतं आणि अमोनिया वाढतो.

एकदम सगळ्या तलावांत घालू नका. एकाच दिवशी, एकच बीज सोडलेले दोन तलाव निवडा. एकात मिसळा, दुसऱ्यात नको. खाद्य, वजन, मर रोज वहीत लिहा. एका पिकाने निकाल पक्का होत नाही. दोन-तीन पिकं तरी पाहा.

आणि एक कळकळीचं सांगणं. रोग आलाच, तर रात्रीतून पाणी खाडीत सोडू नका. पाणी तिथेच अडवा, ब्लीचिंग घाला, शेजाऱ्याला कळवा, मत्स्यव्यवसाय खात्याला कळवा. तुमच्या तलावातला विषाणू उद्याच्या भरतीबरोबर शेजाऱ्याच्या पंपात जातो, आणि तिथून तो पुन्हा तुमच्याकडे यायला वेळ लागत नाही. खाडी सगळ्यांची एकच आहे; ती राखली तरच कोळंबी राहील.